वहीला माफी, कादंबरीला भार

नवोदितांच्या कादंबऱ्या काढणाऱ्या छोट्या प्रकाशनसंस्थांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यातील उत्साह पटला, हिशेब मात्र अपुरा वाटला. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे खरे. परंतु नेमक्या त्यामुळेच कागदावर भरलेल्या कराची वजावट (विक्रीवरच्या करातून तो वळता करून घेण्याची सोय) प्रकाशकाला मिळत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून कागदावरील कराचा दर १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हा वह्यांच्या कागदाला मिळालेली माफी पुस्तकांच्या वाट्याला आली नाही. अनोळखी नावाची पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला हा बोजा थेट किमतीत घालावा लागतो (विक्रेत्यांचे कमिशन वेगळेच), आणि मलपृष्ठावरची किंमत पाहून ग्राहक पुस्तक पुन्हा फळीवर ठेवतो. पुस्तकांच्या कागदालाही माफी मिळावी, ही मागणी प्रकाशकांच्या संघटनांनी जीएसटी परिषदेकडे लावून धरावी.

– एक वाचक, पुणे