भट्टी घराबाहेर आहे, काळजी नसावी

विस्कॉन्सिन (अमेरिका), जानेवारी

ती. आई-बाबांस, शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवणखाण, ऑफिस, सगळं नेहमीचंच. घर तापवायच्या लाकडाच्या भट्टीचं ऐकल्यापासून आईला झोप नाही असं ताईने कळवलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आई, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं गुदमरल्याच्या बातम्या मीही वाचतो. पण ही भट्टी घरात नाहीच. अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या खोपटात आहे. तिथे लाकूड जळतं, भोवतीच्या टाकीतलं पाणी तापतं, आणि ते जमिनीखालच्या नळांतून घरात येऊन ऊब देऊन परत जातं. धूर-राख सगळं बाहेर. आपला न्हाणीघरातला बंबच समज, फक्त त्यात अख्खा ओंडका जातो. बाहेर उणे पंचवीस असताना आग अंगणात ठेवायची, हे मलाही आधी खूळच वाटलं होतं. इथल्या खेड्यांत मात्र कुणाला त्याचं नवल नाही. पुढच्या हिवाळ्याचं लाकूड आत्ताच फोडून रचून ठेवतात, कारण ओलं लाकूड नुसतं धुमसतं.

बाबा, यातली खरी मेख हवेची आहे. पाणी साधारण ८५ अंशांवर गेलं की आगीला हवा देणारी झडप आपोआप मिटते, ८०च्या आसपास उतरलं की उघडते. आमची झडप मिटायची, पण आग काही बसायची नाही. पाणी उकळून वाफ बाहेर, आणि लाकडांचा फडशा. भट्टीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं, तर ती अलगद ओढून निघाली. म्हणजे हवा दारातूनच आत शिरत होती. दाराच्या कडेचा, फट बुजवणारा दोर जुना होऊन चेपला होता, तो नवा बसवला. झडपेच्या बैठकीवर डांबरासारखी काजळी चिकटली होती, ती तारेच्या ब्रशने खरवडली. आता झडप मिटली की आग निमूट बसते. लाकूड लक्षात येण्याइतकं कमी लागतं. पण फार वेळ कोंडून धुमसली की तीच काजळी धुराड्यात साचते, म्हणून एका वेळी थोडंच लाकूड घालतो. इथे २०१५ पासून नव्या भट्ट्यांच्या धुरावर केंद्राची मर्यादा आहे. ही त्याआधीची, जरा हट्टीच.

आणि हो, दार आधी फटीएवढं उघडून थांबतो, मगच पूर्ण उघडतो. नाहीतर आत कोंडलेला धूर हवा मिळताच भडकतो. हातमोजे घालतो. आता हेही सांगायला नको होतं बहुतेक.

घरमालक म्हातारा-म्हातारी हिवाळाभर फ्लोरिडाला असतात. आगीचं मी बघतो, म्हणून भाडं कमी. आता ताईच्या साखरपुड्याचं. फेब्रुवारीत मला जमणार नाही. भट्टीसाठी बहिणीचा साखरपुडा चुकवला असं मामा म्हणतील, म्हणू देत. सुट्टीही नाहीच मिळत, आणि आग विझली तर नळ गोठून फुटतात. लग्नाला मे महिन्यात नक्की येतो, तारीख मात्र आधी कळवा, तिकीट महाग होतं. व्हिडिओ कॉलला मी पहाटेसुद्धा उठून बसेन, ताईला सांगा.

हॉलच्या ॲडव्हान्सचे पैसे बाबांच्या खात्यात टाकलेत. त्यातून सोसायटीचा हप्ता भरू नका, तो वेगळा पाठवतो. आणि आई, माझी पत्रिका मावशीला परस्पर देऊ नकोस. मी आल्यावर बोलू.

आजीला नमस्कार.

आपला,
बाळू