खुर्चीने किती खोटं बोलावं

उपनगर, नाशिक रोड
रविवार

प्रिय बाळ्या,

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरची खुर्ची हलवायला फोनवर तासभर तू त्या सहा पायांच्या प्लॅटफॉर्मचं गुणगान गायलास आणि मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. म्हणून हे पत्र. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

निकाल आधी सांगतो. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये सहा अक्षांच्या भानगडीत पडू नकोस. पिच म्हणजे पुढे-मागे झुकणं आणि रोल म्हणजे डावी-उजवीकडे कलणं, हे दोन अक्ष पुरेत. सीटखाली एक दणकट बास शेकर, म्हणजे आवाजाऐवजी थरथर देणारा स्पीकर, आणि डोळ्यांवर तुझा तो व्हीआर हेडसेट. माझी खुर्ची अशीच आहे आणि ती फार तर पावणेसहा अंश झुकते. ऐकून तुला हसू येईल, पण बसल्यावर कुणी हसत नाही. आमच्या शेजारच्या काकांचं आयुष्य ओझरच्या मिगमध्ये, म्हणजे एचएएलच्या विमान कारखान्यात, हायड्रॉलिक्सवर गेलं. ते बसले आणि पहिल्याच टर्ब्युलन्सला त्यांनी दोन्ही हातांनी सीट गच्च धरली. उतरल्यावर म्हणाले, "एवढीशी तर हलते, मग एवढं का वाटतं रे?"

उत्तर कानात आहे. दोन्ही कानांच्या आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. शेजारी दोन चिमुकल्या पिशव्या आहेत, त्यांत कॅल्शियमचे बारीक खडे. सरळ रेषेतला धक्का आणि गुरुत्वाकर्षण हे त्यांचं खातं. गंमत अशी की यांतल्या कुणालाच वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. पंचवटी एक्स्प्रेस एका लयीत धावत असताना डोळे मिट, गाडी कुठल्या दिशेने चाललीय हे तुला शपथेवर सांगता येणार नाही. ब्रेक लागला की लगेच कळेल. वळणाचंही तेच. विमान एकसारखं वळत राहिलं, तर वीसेक सेकंदांत तो द्रव नलिकेला गाठतो आणि आपण सरळ चाललोय असं वाटू लागतं. ढगात शिरलेले कित्येक वैमानिक या भासापायी गेले. वैमानिकाला म्हणूनच शिकवतात की शरीराचं ऐकू नकोस, काट्यांचं ऐक.

आपलं काम बरोबर उलटं आहे. ज्या कानाने वैमानिकाला फसवलं, त्याच कानाला आपण फसवायचं. मोठी हालचाल त्यासाठी लागतच नाही. सुरुवातीचा झटका अचूक वेळी द्यायचा, पुढचं डोळे सांभाळतात. मॉनिटरसमोर बसलेल्या माणसाला भिंत दिसते, टेबल दिसतं, त्यामुळे तिथे खुर्चीला बरंच नाटक करावं लागतं. हेडसेट चढवला की खोली नाहीशी होते, आणि खुर्चीने अर्धं वाक्य उच्चारलं तरी उरलेलं मेंदू स्वतः पुरं करतो. या एका मुद्द्यासाठी पत्र लिहितोय. बाकीचं सगळं नट-बोल्ट.

आणि तुझ्या त्या सहा पायांचा तोरा मिरवू नकोस. मूळचा तो विमानासाठी केलेला नाहीच. गॉफ नावाच्या इंजिनिअरने १९५४ मध्ये डनलॉपमध्ये टायर तपासायला तो बनवला. सिम्युलेटरसाठी असा प्लॅटफॉर्म सुचवणारा स्ट्यूअर्टचा निबंध १९६५ चा, आणि नाव मात्र जगभर स्ट्यूअर्टचं. एअरलाइनच्या लेव्हल डी, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या, सिम्युलेटरला सहा अक्ष लागतात कारण तसा नियम आहे. तुझ्या बेडरूमची तपासणी करायला डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, येणार नाही. मला आवडतो तो एडविन लिंक. बापाचा धंदा पियानो आणि थिएटरचे ऑर्गन बनवण्याचा. पोराने १९२९ मध्ये ऑर्गनचे भाते आणि हवेचा पंप घेऊन एक बुटकं विमान डोलवून दाखवलं. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळालं ते करमणुकीच्या बागांचं. १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराकडे हवाई टपाल आलं, खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा कुठे लष्कराने सहा यंत्रं घेतली. आपल्या संगीत नाटकातली पायपेटी आठव. तसल्याच भात्यांवर पुढे हजारो वैमानिक घडले.

आता खरी कारागिरी. झटका दिल्यावर खुर्चीने काय करायचं? तिथेच थांबली तर पुढच्या झटक्याला जागा उरत नाही. म्हणून ती हळूच मध्यावर परत येते, इतकी हळू की कानाला पत्ता लागत नाही. याला वॉशआउट म्हणतात. दुसरी युक्ती टेकऑफची. धावपट्टीवर पाठ सीटला रेटली जाते ती सलग, आणि आपली खुर्ची काही खोलीभर धावू शकत नाही. मग ती सेकंदाला दोन-तीन अंशांच्या आत, गुपचूप मागे कलते. गुरुत्वाकर्षण पाठीला ओढतं, डोळ्यांना धावपट्टी मागे पळताना दिसते, मेंदू समजतो की वेग वाढतोय. पावणेसहा अंशांत एक दशांश जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा दहावा हिस्सा, मिळतो. कमी वाटेल, पण सेसना १७२ सारख्या छोट्या विमानासाठी तेवढ्याने भागतं.

सगळे जण हमखास फसतात ते वळणात. विमान तीस अंश डावीकडे कललं की खुर्चीही डावीकडे कलून राहिली पाहिजे, असं वाटतं ना? साफ चूक. नीट घेतलेल्या वळणात वैमानिक बाजूला घसरत नाही. त्याचं वजन सीटमध्येच सरळ खाली दाबलं जातं, फक्त सव्वापटीला थोडं कमी, १.१५ पट. पेल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळत नाही. खुर्ची तिरकी धरून ठेवलीस तर तू कुशीवर लटकशील आणि सगळं खोटं उघडं पडेल. म्हणून सॉफ्टवेअरला विमानाचा कोन देऊच नकोस. रोलचा वेग आणि प्रवेग दे. मी फ्लायपीटी मूव्हर वापरतो, फुकट आहे. सिमटूल्सवालेही पुष्कळ आहेत. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर आपला डेटा यूडीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून, बाहेर देतो, मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर सिमकनेक्टमधून देतो. जोडणी अवघड नाही, पण आकडे जुळवण्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. ते काम मला कंटाळवाणं वाटत नाही, तुला वाटेल.

लोखंडाकडे येतो. सीट मारुती व्हॅनची, अंबड लिंक रोडच्या भंगारातली. हलकी असते, रेलसकट घे. फ्रेमला ४० मिमीचा चौकोनी पाइप. सीट ज्यावर डोलते तो सांधा म्हणजे ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. तिथे बॉल जॉइंट लावायचा मोह होईल, लावू नकोस. बॉल जॉइंटवर सीट स्वतःभोवतीही फिरते, क्रॉस तिला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे एवढंच करू देतो. क्रॉस कुठे बसवायचा यावर निम्मी लढाई ठरते. तू सीटवर बसून, हात जॉयस्टिकवर ठेवून, पाय रडरवर ठेवून जिथे तोल येतो, तिथेच. तोल पुढे गेला की मोटर सगळा वेळ तुझं पोट उचलत बसते. (तुझ्या बाबतीत हे जरा जास्तच मनावर घे.) उरलेला भार पेलायला मागे बाइकच्या शॉकअपच्या दोन स्प्रिंगा दिल्यात.

मोटरी वायपरच्या. मागे डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही एकाच दिशेला गेल्या की पिच, विरुद्ध गेल्या की रोल. वायपर मोटरीत वर्म गिअर असतो, तो उलटा ढकलून फिरत नाही. त्यामुळे उड्डाणाच्या मध्येच लाइट गेली तरी सीट धाडकन पडत नाही, आहे तिथे तिरकी गोठते. आमच्याकडे पावसाळ्यात हा अनुभव अधूनमधून येतोच. क्रँकची, म्हणजे मोटरच्या शाफ्टवर फिरणाऱ्या दांड्याची, लांबी नीट ठरव. माझा क्रँक ४० मिमीचा आणि सीटला तो जोडलाय क्रॉसपासून ४०० मिमीवर. पावणेसहा अंश आले ते या दहास एक प्रमाणातून. क्रँक ६० चा केलास तर कोन वाढेल, पण जोर दोन तृतीयांशावर येईल आणि तुझ्या वजनापुढे मोटर रडेल.

यात एक मेख आहे, ती कुणी नीट सांगत नाही. बऱ्याच वायपर मोटरींचा निगेटिव्ह ब्रश आतून बॉडीलाच जोडलेला असतो. गाडीत ते चालतं, कारण तिथे मोटर एकाच दिशेने फिरते. आपण ती उलटसुलट फिरवतो, म्हणजे उलट फिरताना बॉडीवर बारा व्होल्ट येतात. दोन मोटरी एकाच लोखंडी फ्रेमवर असल्या की सरळ शॉर्ट. मोटर उघडून ती जोडणी तोड आणि वेगळी वायर बाहेर काढ, किंवा मोटर फ्रेमपासून नायलॉनच्या बुशांनी अलग कर. आणि तीन ब्रशांपैकी हाय स्पीडचा ब्रश सोडून दे. तो तिरका बसवलेला असतो, त्यावर मोटर एका दिशेला जोरात आणि दुसऱ्या दिशेला मरगळून फिरते.

क्रँकच्या शाफ्टला पोटेन्शिओमीटर, तो आर्डुइनोला, म्हणजे मोटरी सांभाळणाऱ्या छोट्या कंट्रोल बोर्डाला, सांगतो की मोटर आत्ता कुठे आहे. आर्डुइनोत एसएमसी३ नावाचा तयार प्रोग्रॅम, पुढे मोटरला वीज पुरवणारा आयबीटी-२ ड्रायव्हर, आणि बारा व्होल्टला जुन्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय. ट्यूनिंग म्हणजे त्या प्रोग्रॅममधले पी, आय, डी हे तीन आकडे जुळवणं. आधी पी वाढवत ने. सीट थरथरायला लागली की थोडा मागे घे, मग डी ने ती थरथर मार. आय जवळजवळ शून्यच ठेव. रॉड एंडमध्ये, म्हणजे क्रँक आणि सीट जोडणाऱ्या रॉडच्या टोकाच्या सांध्यात, जरासुद्धा प्ले (ढिलेपणा) असला तर कुठलंही ट्यूनिंग कामाला येत नाही, सीट खटखटते. तिथे पैसे वाचवू नकोस. बाकी सगळीकडे वाचव.

आता हेडसेटचं दुखणं. तुझं डोकं क्रॉसपासून साधारण ९०० मिमी वर असतं. सीट पावणेसहा अंश पुढे झुकली की डोकं ९० मिमी पुढे सरकतं. हेडसेटचे कॅमेरे खोली बघत असतात, त्यांना वाटतं की तूच वाकलास. झालं, पॅनेल एकदम नाकाशी येतं. प्रत्येक झटक्याला कॉकपिट असं सरकत राहिलं तर पाच मिनिटांत मळमळायला लागतं. उपाय म्हणजे मोशन कॉम्पेन्सेशन: सीटच्या फ्रेमला हेडसेटचाच हातात धरायचा एक कंट्रोलर घट्ट बांधायचा, सॉफ्टवेअर त्याची हालचाल हेडसेटच्या हालचालीतून वजा करतं. उरतं ते फक्त तुझ्या मानेचं हलणं. सहा अक्षांच्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर हे दुखणं आणखी वाढतं, हेही लक्षात घे.

बास शेकरबद्दल थोडक्यात. धावपट्टीची खडखड, चाकं टेकतानाचा ठोका, स्टॉलच्या (पंखांची उचल सुटण्याच्या) आधीची थरथर, हे सगळं त्यातून येतं आणि खर्चाच्या मानाने सुख त्यातच जास्त. खाली कन्व्हेअर बेल्टचा जाड तुकडा टाक, नाहीतर खालच्या मजल्याशी भांडण ठरलेलं. इथल्या गांधीनगर तळाची लष्करी हेलिकॉप्टरं आमच्या डोक्यावरून रोज जातात. आई आता बाहेर न बघता सांगते, कुठली घरघर आकाशातली आणि कुठली माझ्या खोलीतली.

हाताशी लाल मश्रूम स्विच (एका थापेत सगळं थांबवणारा) हवाच, आणि तो मोटरींचा पुरवठा थेट तोडणारा हवा, कॉम्प्युटरला विनंती करणारा नको. डोळे झाकलेले असताना तो चाचपून सापडला पाहिजे. क्रँकजवळ जाळी लाव. तुझा धाकटा कुठे बोटं घालेल सांगता येत नाही.

परवा ओझरहून निघालो, सेसना घेऊन, पश्चिमेला. नाशिक डावीकडे ठेवून गंगापूर धरणावर आलो तोवर हवा शांत होती आणि खुर्ची जवळजवळ मुकी. मग अंजनेरीच्या कड्याजवळ वारा लावून ठेवला होता, तिथे तिने जी दोन-चार टोचणी दिली, त्यात मी ब्रह्मगिरी बघायचाच विसरलो. वीस अंश झुकणारी खुर्ची याहून जास्त काय करणार होती?

पुढच्या महिन्यात येतोयस तर लॅमिंग्टन रोडवरून आयबीटी-२ चे दोन तुकडे घेऊन ये, एक तुझ्या कामाला आणि एक माझ्याकडे स्पेअर. सिंहस्थाच्या कामांनी इथले रस्ते उकरून ठेवलेत, त्यामुळे कार काढू नकोस, ट्रेननेच ये; नाशिक रोडला मी घ्यायला येतो. वहिनी आणि पोरांनाही आण. काकूंना माझा नमस्कार सांग.

आणि मिसळ खाऊन लगेच खुर्चीत बसायला मिळणार नाही. दोन तास थांबावं लागेल, काकांनाही थांबवलं होतं.

तुझा,
नान्या