अंग बाहेर येतं म्हणून लगेच पिशवी काढू नका

मा. संपादक,
स. न.

कोरेगाव तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून मी निवृत्त झाले. लसीकरण आटोपून बाकीच्या बायका उठल्या की एखादी हळूच सांगायची, ‘बाई, अंग बाहेर येतंय.’ कुणाला खोकलं की लघवी व्हायची. वर्षानुवर्षं फडकं बांधून खुरपायला जाणाऱ्या या बायका अखेर दवाखाना गाठतात, तेव्हा बहुतेकींना एकच उत्तर मिळतं: पिशवी काढा.

माझ्या थोरल्या बहिणीची अशीच काढली. गर्भाशयाला, म्हणजे पिशवीला, धरून ठेवणारे बंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाले की ती खाली उतरते, तेच अंग बाहेर येणं. हे बंध नीट बांधले नाहीत तर पिशवी गेल्यावरही योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो. ताईचं तेच झालं. मग मात्र आम्ही या दुखण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या युरोगायनॅकॉलॉजिस्ट शोधल्या. त्यांनी ताईला झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा खोकायला लावून तपासलं. लघवी पूर्ण होते का ते पाहिलं. आणि विचारलं, ‘तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ ताई म्हणाली, एसटीत बसायची भीती वाटते. हा प्रश्न तिला आधी कुणीच विचारला नव्हता.

अमेरिकेत या शाखेला २०११ साली स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे पाटीवर ‘स्त्रीरोगतज्ज्ञ’ एवढंच असतं, म्हणून तोंडानं विचारावं लागतं. हे प्रशिक्षण कुठे घेतलं? अशा शस्त्रक्रिया नेहमी करता का? पिशवी ठेवून अंग वर बांधता येईल का? मूत्राशयाला इजा झाली तर कोण सांभाळणार? सैल भागाला आधार द्यायला कृत्रिम जाळी बसवणार असाल तर कोणती, आणि का? योनीमार्गातून बसवायच्या अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली, हे बायकांना कुणी सांगत नाही. योनीत बसवून अंग वर धरून ठेवणारी रिंग किंवा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम यांवर भागेल का, हेही विचारावं. रिंग वेळोवेळी काढून धुवावी लागते, पण शिकवलं तर बायका ते घरी करतात. प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरकडे शस्त्रक्रिया करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेणं हा रुग्णाचा हक्कच आहे.

पिशवी न काढता ती वर बांधायच्या शस्त्रक्रिया मुंबईच्याच डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी घालून दिल्या. त्यांच्याच राज्यात तरुण बाईलाही हा पर्याय सांगितला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयानं या तपासणीचा वार ठरवावा, तिथे रिंग ठेवावी, आणि तो वार व जागा गावोगावच्या आशाताईंना लेखी कळवावी. आपल्या वृत्तपत्रानं ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
कोरेगाव, जि. सातारा