समोरच्या घरात एक किल्ली

पुणे ३०
शुक्रवार, रात्री साडेदहा

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

उद्या सकाळी बाबा डबा घेऊन तुझ्याकडे येतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते आहे. फोनवर बोलायला गेलं की माझा आवाज चढतो आणि तू "हो आई, हो आई" करत फोन ठेवतोस. म्हणून लिहायला बसले. आज ताप नाही ना? सोमवारी प्लेटलेट्स परत तपासायला जायचंय, ते ऑफिसच्या नादात विसरू नकोस. आणि पाणी पीत राहा.

तापाचा विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवूनच बसले होते.

पण तीन दिवस रे, निनाद. तीन दिवस तू १०२ तापात एकटा पडून होतास, आणि आम्हाला कळलं चौथ्या दिवशी. तेही तन्मयचा फोन आला म्हणून. तो बिचारा वाघोलीहून तासा-दीड तासात पोचू शकत नव्हता, म्हणून त्यानं मला कळवलं. तू परदेशात असतास तर मी मनाची समजूत घातली असती. वाकड आपल्या घरापासून सोळा किलोमीटर आहे. बाबा टेल्कोत होते तेव्हा रोज पिंपरीला जाऊन येत होते.

त्या दिवशीचं तुला नीट सांगितलंच नाही मी. तू तापात होतास, आणि नंतर आपलं भांडणच झालं. बाबांचा गुडघा दुखत होता म्हणून मी एकटीच निघाले. मनपावरून हिंजवडीची बस धरली. खिचडीचा डबा मांडीवर होता, साडीतून चटका बसत होता, पण खाली ठेवायला जागा नव्हती. विद्यापीठ चौकात बस किती वेळ उभी होती देव जाणे. औंध गेलं, जगताप डेअरी गेली, आणि तोवर डबा कोमट झाला. मला त्या डब्यावरूनच कळत होतं किती वेळ गेला ते.

तुमच्या गेटवर पोचले तर वॉचमननं फ्लॅट नंबर विचारला. ६०२ सांगितलं. त्यानं मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "सर उचलत नाहीत मॅडम." मी म्हटलं, अरे मी त्याची आई आहे. तो म्हणाला, "हो मॅडम, पण अप्रूव्हल आल्याशिवाय सोडता येत नाही." चांगला मुलगा होता, बसायला खुर्ची दिली त्यानं. त्याची काही चूक नव्हती. मी सव्वीस मिनिटं त्या खुर्चीवर होते. तुला फोन लावत होते, तो वाजून वाजून बंद होत होता. तेवढ्यात चार मुलं जेवणाच्या पिशव्या घेऊन आली आणि आत गेली. माझ्याही हातात जेवणच होतं.

माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

शेवटी एक बाई नातवाला घेऊन फिरायला खाली आल्या. त्यांनी मला विचारलं, कुणाकडे आलात? ६०२ म्हटल्यावर त्या थांबल्या. "अहो, मी ६०१. समोर दोन मुलं राहतात एवढं दिसतं, पण नाव काय, काय करतात, काही माहीत नाही हो." त्यांनी वॉचमनला सांगितलं, माझ्याकडे आल्यात असं लिही. त्या मला वर घेऊन आल्या. तू दार उघडलंस तेव्हा भिंतीला धरून उभा होतास.

तू दीड वर्ष तिथं राहतोस. पार्टनर नागपूरला गेला की त्या मजल्यावर तुझं नाव माहीत असलेलं एकही माणूस नसतं. मला दुसरं काही म्हणायचं नाहीये.

रागाच्या भरात मी तुला "हे पुणं नाही, चल घरी" म्हणाले, ते मात्र माझं चुकलं. तू शांतपणे म्हणालास, "आई, हेही पुणंच आहे." बसमधून परत येताना तेच डोक्यात होतं. तुझा मामा कोथरूडला राहायला गेला तेव्हा आजी महिनाभर "एवढ्या लांब, शेतात" म्हणत होती. आता कोथरूडला कोणी लांब म्हणेल का? पालिकेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा तिसरीला पुणे जिल्ह्याचा भूगोल असायचा. फळ्यावर शहराची हद्द काढायची आणि काही वर्षांनी पुसून परत मोठी काढायची. १९९७ मध्ये बाणेर-बालेवाडी आत आली, २०१७ मध्ये ११ गावं आली, मी निवृत्त झाले त्या २०२१ मध्ये आणखी २३. वाकड तर पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत. तरी तुझ्या पत्त्यावर पुणे ५७ आहे आणि माझ्या पत्त्यावर पुणे ३०. खडू माझ्याच हातात होता, मग शहर वाढतं याची तक्रार मी कुठल्या तोंडानं करू?

माझी भीती अंतराची नाहीये. जनगणनेच्या कामाचं तुला कधी सांगितलं होतं का? १९९१ ला मला कसब्यातली आळी मिळाली होती. पहिल्याच घरी ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात न थांबवता सात घरांची माणसं मला सांगितली. वयं, नाती, कोण माहेरी गेलंय, कोणाला दिवस गेलेत. तरी मी प्रत्येक घरात जाऊन विचारलं, नियमच होता, पण आजींचं एकही नाव चुकलं नव्हतं. २०११ ला, ९ ते २८ फेब्रुवारी, मी बाणेरला होते. नवीन सोसायटी, संगमरवरी जिना. एका दाराला मी पाच वेळा गेले. समोरच्यांना विचारलं, इथं कोण राहतं? त्यांनी मान हलवली. वाईट माणसं नव्हती ती. मला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. त्यांना माहीतच नव्हतं, एवढंच.

त्या कामाच्या शेवटच्या रात्री, २८ तारखेला, उघड्यावर झोपणाऱ्यांची गणना असते. आम्ही चौघं शिक्षक स्वारगेटच्या बाजूला होतो. एक माणूस पांघरूण डोक्यावरून घेऊन कुडकुडत पडला होता, तापानं. त्याला उठवायचं जिवावर आलं. तर शेजारी झोपलेल्यानं उठून त्याचं नाव सांगितलं, वय सांगितलं, गाव सांगितलं. "दोन दिवस झाले ताप आहे मॅडम, मी चहा-पाव देतोय" म्हणाला. त्या दिवशी तुमच्या गेटवर बसले असताना मला तो माणूस आठवला आणि मग मला बसवेना.

पुन्हा मी तिथंच आले बघ.

तुला माईंचा कोनाडा आठवतो का? वाड्यात दिंडी दरवाजातून आत आलं की डाव्या हाताच्या खिडकीत. चार बिऱ्हाडांच्या किल्ल्या तिथं असायच्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली. आपली हिरवी. तू चौथीत असताना चौकातल्या ओट्यावरून पडलास आणि कपाळ फुटलं. मी शाळेत, बाबा पहिल्या पाळीला. मला निरोप मिळून मी पळत आले तोवर तासभर गेला होता. माई तुला दवाखान्यात नेऊन आल्या होत्या, तीन टाके पडले होते, आणि हिरव्या किल्लीनं घर उघडून तुला आपल्याच पलंगावर बसवलं होतं. तू शिरा खात होतास. मला बघितल्यावर मग रडलास. माईंच्या लुगड्याला तुझं रक्त लागलं होतं आणि ते त्यांनी मला दिसू नये म्हणून पदर पुढे ओढून घेतला होता.

वारीत पालख्या दोन रात्री मुक्कामाला असायच्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, आणि दिंड्या सगळ्या पेठांतून पसरायच्या. आपल्या चौकात दरवर्षी तीस-चाळीस वारकरी झोपायचे. त्या दोन रात्री दिंडी दरवाजाला आतून अडसर नसायचा.

तू म्हणशील, आई, त्याच वाड्यात मला श्वास घेता येत नव्हता. खरं आहे ते. बारावीत असताना तू कुणाबरोबर एफसी रोडला कॉफी प्यायलास हे तू घरी यायच्या आधी मला कळलं होतं, आणि मी तुला बोलले होते. ते मी आज बोलले नसते. माणसानं आपलं दार लावून राहावं, त्यात गैर काही नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी महिनाभर तुझ्या तालमी मध्यरात्रीपर्यंत चालायच्या, मी जिन्यातला दिवा लावून जागी असायचे आणि तू आलास की झोपेचं सोंग घ्यायचे, कारण तुला कोणी वाट बघितलेली आवडायची नाही. भरत नाट्य मंदिरात तुमची एकांकिका झाली तेव्हा मी सगळ्यात मागे बसले होते. पडदा उघडला आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर खिडकीतून पहाटेचा उजेड आला. तो उजेड तू केला होतास. शेजारच्या बाईंना मी सांगितलं, प्रकाशयोजना माझ्या मुलाची आहे. तुला हे कधी बोलले नव्हते.

ती तुमची सगळी टोळी तेव्हा हाकेच्या अंतरावर होती. आता तन्मय वाघोलीला, ईशा उंड्रीला, दोघं धायरीला, तू वाकडला. एकाच गावात राहून तुम्हाला भेटायला रविवार काढावा लागतो. मैत्री कमी झालेली नाही, हे मला तन्मयच्या आवाजावरूनच कळलं. पण रात्री दोन वाजता ग्लासभर पाणी द्यायला वाघोलीहून कोणी येऊ शकत नाही. त्याला समोरच्या दारातलंच माणूस लागतं.

आता दुसऱ्याला शिकवते आहे तर माझंही सांगते. वाडा पडून बिल्डिंग झाली, माई गेल्या, आणि आपल्याकडेही आता लॅच आहे. तिसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर मुलं राहतात, एमपीएससीवाली. सकाळी अभ्यासिकेत जातात, रात्री येतात. वर्ष झालं असेल, मला त्यांच्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. जिन्यात चपला दिसायच्या, एवढंच. तुझ्याकडून परत आले त्या रात्री वर गेले आणि दार वाजवलं. घाबरलीच बिचारी, वाटलं आवाजाची तक्रार करायला आले. चौघं आहेत, तिघं परभणीचे, एक हिंगोलीचा. हिंगोलीच्याची आई अंगणवाडीत आहे. माझा नंबर भिंतीवर लिहून घ्यायला लावला त्यांना. गणपतीत जेवायला या म्हटलंय.

आता जे सांगायचंय ते सांगते, रागावू नकोस. त्या दिवशी औषधं आणायला खाली गेले तेव्हा तुझी किल्ली घेऊन गेले होते. औषधांच्या दुकानाच्या पुढे एक किल्लीवाला बसतो. मी दुसरी करून घेतली. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही, आणि ते चूक आहे हेही मला कळतं. तुझं घर आहे ते, तू भाडं भरतोस. चार दिवस ती किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि मला चोरी केल्यासारखं वाटतंय. मी ती ठेवणार नाही. मला तिचा उपयोगही नाही, मला यायला दोन तास लागतात.

६०१ मधल्या ताई सोलापूरच्या आहेत. मुलगा-सून दोघं हिंजवडीला, त्या दिवसभर नातवाजवळ घरी असतात. तू झोपल्यावर तासभर त्यांच्याकडे बसले होते. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली, आणि म्हणाल्या, "मलाही इथं कोणाशी बोलायला नाही हो." मी त्यांना किल्लीचं काही बोललेले नाही. ते तू ठरवायचं आहेस. नाहीच द्यावीशी वाटली तर तुझ्या ड्रॉवरमध्ये टाक, मी परत विचारणार नाही. एकदाच विचारीन.

किल्ली खालच्या पुडात रुमालात बांधली आहे, हिरवी लोकर शोधून लावली. वरच्या पुडात भाताची पेज आहे, मधल्यात दुधी. स्टीलचा वेगळा डबा ताईंचा आहे, त्यांनी त्यातून भाकरी दिली होती. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून रव्याचे लाडू भरलेत, नऊ आहेत. तेवढा तूच नेऊन दे, बाबांना पाठवू नकोस. दुपारी एक ते तीन बाळ झोपतो त्यांच्याकडे, तेव्हा बेल वाजवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. सोमवारचा रिपोर्ट आला की फोटो पाठव. रात्री कितीही वाजले तरी पाठव.