तारीख कुठली धरली, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये गेली. कळा आणायची ड्रिप किती जणींना लावली, गणती नाही. सुरुवातीला पंप नव्हते. एक डोळा घड्याळावर ठेवून थेंब मोजायचे आणि दुसरा हात बाईच्या पोटावर. तेव्हा कळा आणण्यालाच माझा विरोध आहे, असं कुणी समजू नये.

गेल्या महिन्यात माझ्या सुनेला तपासून डॉक्टर म्हणाल्या, “एकोणचाळीस आठवडे पूर्ण झालेत. शुक्रवारी अ‍ॅडमिट व्हा, जेल लावू.” जेल म्हणजे गर्भपिशवीचं तोंड मऊ करून कळा आणायचं औषध. बीपी ठीक, साखर ठीक, बाळाभोवतीचं पाणी पुरेसं, डोकं खाली. मग घाई कशाला, हे सुनेने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बाहेर तीस जणी ताटकळत होत्या, त्यांचाही नाइलाज असेल.

मुलगा मात्र खूश. आम्ही कासारवडवलीला राहतो. “रात्री कळा सुरू झाल्या आणि घोडबंदर रोड जाम असला तर? गायमुखला ट्रक बंद पडला की माजिवड्यापर्यंत रांग लागते,” हे त्याचं म्हणणं. हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते. पण पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास चालतात, रस्ता तेवढा वेळ देतो. विहीणबाई साताऱ्याहून डिंकाचे लाडू घेऊन येऊन बसल्या होत्या; त्यांनी पंचांग काढून शनिवारचं नक्षत्रही पाहिलं. नक्षत्र उत्तम निघालं.

मी फाईल मागितली. पहिल्या पानावर पाळीवरून काढलेली बाळंतपणाची तारीख. आत दहाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीचा कागद, त्यावरची तारीख बरोबर आठ दिवस पुढची. सुनेची पाळी पस्तीस दिवसांनी येते. पाळीवरून मोजायचा हिशेब अठ्ठावीस दिवसांची पाळी गृहीत धरतो, तो हिला लागूच नव्हता. त्या दिवसांतल्या सोनोग्राफीत सात दिवसांहून जास्त फरक निघाला तर सोनोग्राफीची तारीख धरायची, हा नियम आहे. म्हणजे एकोणचाळीस आठवडे तीन दिवस झालेले नव्हतेच. अडतीस आठवडे दोन दिवस झाले होते.

दुसरी गोष्ट, गर्भपिशवीच्या तोंडाची नोंद फाईलमध्ये कुठेच नव्हती. आम्हाला शिकवताना सांगायचे, तोंड कच्चं असेल तर बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, तयार झालं की ओठासारखं. ते किती उघडलंय, किती पातळ झालंय, कुठल्या बाजूला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, हे मिळून गुण देतात. बिशप स्कोअर म्हणतात त्याला, 1964 पासून चालत आलेला आहे. सहा किंवा कमी म्हणजे तयारी नाही. आठच्या वर असेल तर काम सोपं. कच्च्या तोंडावर जेल लावलं तर दोन-दोन दिवस धीर धरावा लागतो, आणि तो धीर कुणालाच नसतो, ना नातेवाइकांना ना रुग्णालयाला.

सोमवारी मी सुनेबरोबर गेले. डॉक्टरांनी दोन्ही तारखा पाहिल्या आणि म्हणाल्या, “हे बघायचं राहून गेलं.” फार कमी डॉक्टर असं म्हणतात, म्हणून मुद्दाम लिहिते. मग त्यांनी 2018 सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचं सांगितलं. सहा हजारांवर पहिलटकरणी. ज्यांना 39 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणल्या त्यांच्यात सीझर 18.6 टक्के, वाट पाहिलेल्यांत 22.2. म्हणजे ‘इंजेक्शन दिलं की सीझर ठरलेलंच’ हे मी आयुष्यभर सांगत आले, ते तितकंसं खरं नाही. मी ते तिथेच मान्य केलं. पण 39 मोजायचे तर ते खरोखर 39 हवेत ना? शिवाय काहीही तक्रार नसताना 41 आठवड्यांच्या आत कळा आणू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आतून तपासलं तर स्कोअर तीन. थांबायचं ठरलं.

थांबणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे. जेवण झालं की सून डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायची. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर लगेच निघायचं, असं ठरलेलं. चाळीस आठवडे उलटल्यावर आठवड्यातून दोनदा एनएसटी, म्हणजे पोटावर पट्टा लावून बाळाच्या ठोक्यांची तपासणी. फोनवरच्या “अजून नाही?”ला उत्तर द्यायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

सोनोग्राफीच्या हिशेबाने 41 आठवडे भरले त्या दिवशी मीच म्हटलं, “आता चला, जेल लावून घेऊ.” मुलगा बघतच राहिला. त्याच्या मते मी पक्ष बदलला होता. पण त्यापुढे ताणत बसणं मला पटत नाही. स्वीडनमध्ये 41 आठवड्यांना कळा आणणं आणि 42पर्यंत थांबणं यांची तुलना चालली होती, 2019 साली निकाल आला. 42ची वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्यात एकही नाही, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. तसा धोका थोडाच असतो, पण थोडा म्हणून तो आपल्या घरी कशाला बोलवायचा?

तोवर तोंड बऱ्यापैकी मऊ झालं होतं. रात्री जेल, पहाटे पुन्हा एकदा, सकाळी ड्रिप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात झाली, तीन किलो शंभर ग्रॅम, सीझर न होता. पंपाचा काटा बरोबर चालू असतानाही मी थेंब मोजत होते, सिस्टर हसली.

माझी मागणी एवढीच. ‘अ‍ॅडमिट व्हा’ म्हणण्याआधी तारीख कुठली धरली, तोंडाची तयारी किती आणि कारण काय, या तीन ओळी फाईलवर मराठीत लिहून द्याव्यात. त्याला मशीन लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘42 आठवडे 2 दिवस’ छापून आलंय. संगणकात जुनीच तारीख राहिली होती. ते दुरुस्त करून आणायला मुलगा उद्या जाणार आहे.

– एक निवृत्त परिचारिका, कासारवडवली, ठाणे (प.)