अर्जदार कंपनी, लाभार्थी मी

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, देशाला कुशल माणसे हवी आहेत आणि माणसेही यायला तयार आहेत, मग मध्ये कायदा कशाला, असे तुम्ही विचारले होते. माझ्या एच-वन-बी (कुशल परदेशी कामगारांना अमेरिकेत काम करू देणारा व्हिसा) मंजुरीपत्रावर अर्जदार म्हणून कंपनीचे नाव आहे आणि माझे लाभार्थी म्हणून. ते पाहिल्यापासून मला वाटते की कायदा हवाच, फक्त परवाना कोणाच्या हाती द्यायचा हे त्याने नीट ठरवले पाहिजे.

कायदाच नसेल, तर स्वस्तात राबणारी माणसे आणून स्थानिकांचे पगार पाडणे कोणत्याही मालकाला सोपे जाईल. म्हणून अमेरिकेच्या कायद्यात प्रचलित वेतनाची, म्हणजे त्या कामाला त्या भागात मिळणाऱ्या पगाराहून कमी न देण्याची अट आहे आणि ती मला रास्त वाटते. पण तोच कायदा परवाना मालकाच्या हाती देतो. मला नोकरी बदलता येते, मात्र नव्या मालकाने माझ्यासाठी अर्ज केला तरच. आणि नोकरी गेली, तर साधारण ६० दिवसांत दुसरी सोय लावावी लागते. अशा स्थितीत पगारवाढ मागताना जीभ अडखळते, आणि माझी जीभ अडखळली की शेजारच्या टेबलावरच्या स्थानिक सहकाऱ्याचीही घासाघीस करण्याची ताकद कमी होते, हे फारसे कोणी बोलत नाही.

वर्षाला ६५,००० नवे एच-वन-बी आणि अमेरिकेतल्याच विद्यापीठांतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० ही मर्यादा उद्योगांची गरज वाढली तरी हलत नाही, आणि अनेक वर्षे निवड झाली ती सोडतीने. कोणत्या कामाला माणसाची किती निकड आहे, हे सोडतीला कसे कळणार? कॅनडाने १९६७ मध्येच शिक्षण, भाषा, वय यांना गुण देऊन माणूस निवडायला सुरुवात केली आणि निवडलेल्याला कायमच्या वास्तव्याचा हक्क त्याच्या स्वतःच्या नावावर दिला. (तिथेही परदेशी डॉक्टरची पदवी मान्य होताना दमछाक होते, ते वेगळे.)

आई, ग्रीन कार्ड कधी, हे तू प्रत्येक फोनवर विचारतेस. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर अडवलेला असल्यामुळे भारतीयांची रांग फार लांब आहे. पुढच्या महिन्यात माझ्या मुदतवाढीचा अर्ज जाईल. त्यावर माझी सही लागत नाही, कंपनीची लागते.

तुमची,
लेक