पन्हळी निव्वळ शोभेच्या नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरसजावटीच्या पुरवणीतला ‘फ्ल्यूटिंग’वरचा, म्हणजे पॅनेलांवर नि खांबांवर कोरलेल्या उभ्या पन्हळींवरचा (खाचांवरचा) लेख वाचला. या उभ्या रेघा म्हणजे निव्वळ नखरा, असा त्याचा एकूण सूर. भिंतीवरच्या पॅनेलांची फॅशन टिको वा जावो, त्याच्याशी मला देणंघेणं नाही; पण फ्ल्यूटिंगला नुसती सजावट ठरवणं पटलं नाही. त्यातून सोबतचा फोटो फ्ल्यूटिंगचा नव्हताच! पन्हळ आत गेलेली असेल तर ते फ्ल्यूटिंग, गोल पट्ट्या बाहेर फुगलेल्या असतील तर रीडिंग (reeding). बाजारात दोन्ही एकाच नावाने खपतं. वृत्तपत्राने तरी घोळ करू नये.

प्राचीन ग्रीक खांब पाहा; डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन या त्यांच्या तीन शैली. डोरिक खांबाला साधारणपणे २० पन्हळी असतात आणि दोन पन्हळींच्या मध्ये नुसती धारदार कड. आयोनिक आणि कोरिंथियन खांबांना बहुधा २४, मध्ये चपटी पट्टी. खांब वर निमुळता होतो, पण पन्हळींची संख्या तीच राहते. म्हणजे प्रत्येक पन्हळ वर जाताना थोडी थोडी अरुंद करत न्यायची, तीही छिन्नीने, दगडात. कडा पटकन टवके उडण्याइतक्या नाजूक, म्हणून दगड एकावर एक चढवून झाल्यावरच हे काम पुरं करत. सिसिलीतल्या सेजेस्टाच्या मंदिराचं काम अर्धवट राहिलं, तिथले खांब आजही बिनपन्हळींचे आहेत.

एवढा खटाटोप कशाला? भर उन्हात गुळगुळीत खांब लांबून सपाट भासतो. पन्हळींत सावली भरली की त्याची गोलाई उठून दिसते. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस तर सांगतो, की मंदिराच्या आतल्या बाजूचे खांब बारीक असतील तर पन्हळी २४ ऐवजी २८ किंवा ३२ कराव्यात, म्हणजे ते जाड भासतात. (उभ्या रेघांच्या कपड्यांत माणूस बारीक दिसतो म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.)

पुठ्ठ्याच्या खोक्यात तर शोभेचा प्रश्नच येत नाही. दोन सपाट कागदांमधल्या नागमोडी थरालाही फ्ल्यूटिंगच म्हणतात. खोक्याच्या बाजूंत या लाटा उभ्या ठेवलेल्या असतात, म्हणून खोक्यावर खोकं रचता येतं. तेच खोकं आडवं करून त्यावर वजन ठेवलं, तर लवकर दबतं. ड्रिलच्या पात्यावरची पिळाची खाच हीसुद्धा फ्ल्यूटच. भोक पाडताना निघणारा भुसा किंवा कीस तिच्यातून बाहेर येतो. ती तुंबली की पातं तापतं, अडकतं.

लेखात यातलं काहीच नव्हतं. निदान त्या फोटोखालची ओळ तरी पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक